आजीकडून आलेलं एक अक्षर

पुण्यातल्या डॉक्टर मॅडमनी भाच्याची फाईल बाजूला सरकवली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "मामा, कानाला मशीन कधीपासून आहे?"

सहा वर्षं झाली, मी म्हणालो. मोटारींच्या आवाजानं कान गेले.

"आणि शुगर?"

ती चौतिसाव्या वर्षापासून. पण आजारी होता भाचा. मी गाडी चालवत आलो होतो आणि फाईल धरून बसलो होतो, एवढंच माझं काम. मॅडमनी माझं वजन विचारलं, उंची विचारली. मग एक कोरा कागद घेतला, त्यावर चौकोन काढून तो काळा केला. हा तुमचा भाचा. त्याच्या वर एक गोल काढला. ही त्याची आई. "आता ताई, तुमच्या आईबद्दल सांगा. वडिलांकडचं नंतर बघू."

ही २०२३ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. त्याआधीचे तीन आठवडे कसे गेले ते सांगायला हवं.

माझं तासगावात मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. ताई पलूसला दिलेली, दाजींची द्राक्षबाग आणि थोडा ऊस. भाचा तेव्हा दहावीत होता. अंगानं लहानपणापासून किरकोळ, वर्गात सगळ्यात बुटका. पीटीच्या तासाला दोन फेऱ्या मारल्या की बसायचा. वर्षातून तीन-चार वेळा डोकं धरून उलट्या काढायचा आणि दुसऱ्या दिवशी बरा व्हायचा. पित्त म्हणून आम्ही सोडून द्यायचो. जानेवारीच्या शेवटी पूर्वपरीक्षेचा पेपर देऊन आला तो डोकं दुखतंय म्हणत झोपला. संध्याकाळी ताईनं ताट वाढलं तर त्यानं फक्त उजवीकडची भाजी खाल्ली. डावीकडची आमटी, चटणी तशीच. ताई म्हणाली, अरे आमटी घे की. तो म्हणाला, कुठाय? रात्री अकराला फिट आली.

जवळच्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. सीटी स्कॅन झाला. सांगितलं, स्ट्रोक आहे, मेंदूच्या मागच्या भागाचा रक्तपुरवठा तुटलाय. पंधराव्या वर्षी अर्धांगवायूचा झटका! दाजी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. रक्त पातळ करायची औषधं सुरू झाली, आणि फिट येऊ नये म्हणून व्हॅल्प्रोएट. फिटसाठी ते नेहमी वापरलं जाणारं औषध आहे. पण चौथ्या दिवसापासून पोरगं गुंगीत गेलं. हाक मारली तर डोळे उघडायचा, परत मिटायचा. फिट थांबायच्या सोडून वाढल्या. हृदयाची सोनोग्राफी झाली, रक्त गोठण्याच्या सगळ्या तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल. तिथल्या एका तरुण डॉक्टरनं आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, हे नेहमीच्या स्ट्रोकसारखं दिसत नाही, पुण्याला न्या. त्यानं चिठ्ठी लिहून दिली. त्या चिठ्ठीमुळेच पोरगं वाचलं असं ताई अजून म्हणते, आणि मलाही तसंच वाटतं.

पुण्यात एमआरआय झाला. मॅडमनी फोटो लाईटवर लावून आम्हा तिघांना दाखवला. मेंदूच्या मागच्या बाजूला, उजवीकडे, पांढरा डाग. त्या म्हणाल्या, रक्तवाहिनी बंद पडली की तिच्या हद्दीतलाच भाग मरतो. हा डाग कुठल्याच एका वाहिनीची हद्द पाळत नाही. वाहिन्यांचा वेगळा फोटो काढलाय, सगळ्या मोकळ्या आहेत.

दाजी इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "म्हणजे चारीला पाणी बंद झालं असतं तर त्या चारीखालचेच वाफे सुकले असते. हे बांध ओलांडून सुकलंय."

मॅडम म्हणाल्या, अगदी तसंच. पाणी पोहोचतंय, पण पीक ते उचलत नाही.

मग रक्त घेतलं. दंडाला पट्टा न बांधता, आणि नळी लगेच बर्फात. पट्टा बांधला की लॅक्टेटचा, म्हणजे पेशींना ऊर्जा कमी पडली की रक्तात साचणाऱ्या पदार्थाचा, आकडा उगाच वाढतो. लॅक्टेट साधारण २ च्या आत असावं, भाच्याचं ६.१ आलं. पाठीच्या कण्यातल्या पाण्यातही वाढलेलं. एमआरआयच्याच मशीनवर मेंदूतल्या रसायनांचा आलेख काढतात, त्यात लॅक्टेटचं जोडशिखर स्पष्ट उभं होतं. या सगळ्यानंतर मॅडमनी तो कोरा कागद घेतला होता.

ताई सांगत गेली आणि मॅडम कागदावर गोल-चौकोन काढत गेल्या. आई. चाळिशीच्या आत ऐकायला कमी झालं. शुगर होती, पण लठ्ठ कधीच नव्हती, काडीसारखी. सत्तावन्नाव्या वर्षी हृदय थकून गेली. आईची धाकटी बहीण, आमची मावशी. तिला फिट यायच्या. आमच्याकडे त्याला फिट म्हणत नव्हते, अंगात येतं म्हणायचे. तिला पौर्णिमेला देवीला नेऊन बसवायचे. एकतिसाव्या वर्षी गेली. मला आठवतं, शेवटी तिला दिसत नव्हतं, आणि लोक म्हणायचे देवीनं डोळे मागून घेतले. ताई स्वतः अर्धशिशीनं बेजार, दुपारनंतर पाय ओढत चालणारी. आणि मी.

कागदावर ठिपके असे उतरले की कुणीही वाचावेत. आजीपासून खाली, फक्त बायकांच्या वाटेनं. पुरुष होते तिथं ओळ संपत होती.

"मायटोकाँड्रिया," मॅडम म्हणाल्या. ताईला कळलं नाही. मलाही नाही. भाचा पलंगावर पडल्या पडल्या बोलला, "तंतुकणिका. पेशीचं ऊर्जाकेंद्र. आठवीला होतं." नवं औषध सुरू होऊन दोन दिवस झाले होते, आणि आठवड्याभरात तो पहिल्यांदाच एवढं लांब वाक्य बोलला होता.

तंतुकणिका हा आपला शब्द मूळ शब्दाचा नेमका अर्थ सांगतो, हे मला नंतर समजलं. १८९८ मध्ये कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञानं हे नाव ठेवलं. ग्रीकमध्ये मिटोस म्हणजे धागा आणि कोंड्रोस म्हणजे कण. तांबड्या रक्तपेशी सोडल्या तर शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत हे तंतुकण असतात, कुठं शेकडो, कुठं हजारो. अन्न आणि प्राणवायू वापरून ते एटीपी नावाचं इंधन बनवतात. पेशीतली सगळी कामं त्यावर चालतात. ते नीट चाललं तर एका ग्लुकोजपासून तीसेक एटीपी मिळतात. ते बंद पडलं तर पेशी दुसऱ्या वाटेनं फक्त २ काढते आणि त्या वाटेवर लॅक्टेट साचत जातं. भाच्याच्या रक्तात जे साचलं होतं ते हेच.

मला हे माझ्या धंद्यातून कळलं. आमच्या भागात शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीची असते आणि लाईनीच्या शेवटाला व्होल्टेज पडतं. लोकांना वाटतं, कमी व्होल्टेज म्हणजे मोटार हळू चालेल, बिघडणार काही नाही. पण भार तोच आणि व्होल्टेज कमी असलं की मोटार जास्त करंट ओढते, तापते आणि वाइंडिंग जळतं. माझ्याकडे येणाऱ्या मोटारींत अशा कितीतरी. मोटारीत दोष नसतो, विहिरीत पाणी असतं, पाईप मोकळा असतो. पुरवठाच कमी पडलेला असतो. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के आणि खर्च वीस टक्के. सगळ्यात मोठा भार त्याचा. ताप आला, उपवास घडला, रात्रभर जागून अभ्यास केला, की मागणी वाढते आणि पुरवठा तेवढा चढत नाही. आधी मेंदू जळतो, मग कान, स्वादुपिंड, हृदय, स्नायू. आईचे कान, माझी शुगर, मावशीच्या फिट, ताईचे पाय ओढणं, हे सगळं मी एका रात्रीत त्या हिशेबात बसवलं. पुण्यात भावकीतल्या एका घरी अंथरुणावर पडून. झोप आली नाही.

आजाराचं नाव मेलास. १९८४ साली अमेरिकेत ते ठेवलं गेलं, आणि १९९० मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्यामागची नेमकी चूक शोधली. तंतुकणांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो, छोटासा, गोल. त्यात १६,५६९ अक्षरं आणि ३७ जनुकं. त्यातल्या ३२४३ व्या जागी ए असायला हवं तिथं जी. मेलास असलेल्या बहुतेकांमध्ये हीच एक चूक सापडते.

आमच्यातही तीच असणार असं मॅडमना वाटत होतं, पण खात्रीसाठी जनुकीय तपासणी हवी होती. पूर्वी यासाठी मांडीच्या स्नायूचा तुकडा काढून रंगवून बघायचे. त्यात आजारी तंतुकणांचा गोळा तांबडा दिसायचा, धाग्यांच्या कडा फाटल्यासारख्या. आता लघवीवर भागतं. या चुकीचं प्रमाण रक्तात वयाबरोबर कमी होत जातं, लघवीत उतरणाऱ्या पेशींत ते टिकून राहतं. म्हणून सकाळची पहिली लघवी, निर्जंतुक बाटलीत, बर्फाच्या डब्यात. भाच्याची, ताईची आणि माझी. तीन बाटल्यांवर तीन नावं लिहून मी प्रयोगशाळेत दिल्या.

पाच आठवड्यांनी रिपोर्ट आला. भाचा: रक्तात ३८ टक्के, लघवीत ७१. ताई: रक्तात ११, लघवीत ३४. मी: रक्तात ६, लघवीत २९.

हे टक्के काय असतात ते मॅडमनी सावकाश सांगितलं. एकाच पेशीत चांगले आणि बिघडलेले तंतुकण एकत्र नांदतात. बिघडलेले एका मर्यादेपर्यंत असले तर चांगले काम निभावून नेतात. मर्यादा ओलांडली की तो अवयव बोलायला लागतो. आईकडून मुलाला किती जातील याचं गणित नाही. बीजांड तयार होताना फार थोडे तंतुकण पुढे निवडले जातात. तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यात ढिगातून मूठभर उचलून बघतात, कधी सगळे सोनेरी येतात तर कधी अर्धे काळे. ढीग एकच. ताईला चौतीस, तिच्या पोराला एकाहत्तर.

मग मी तो प्रश्न विचारला. मला दोन मुली आहेत.

"तुमच्याकडून पुढे जात नाही," मॅडम म्हणाल्या. "शुक्राणूतले तंतुकण बीजांडात गेल्यावर नष्ट होतात. मुलांना जे मिळतं ते आईचं. तुमच्या मुलींना तुमच्याकडून हे येणार नाही."

माझा श्वास सुटला. मोठ्यानं सुटला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. शेजारच्या खुर्चीवर ताई होती. एकाच आईच्या पोटी आलेली, तीच चूक अंगात घेऊन, आणि तिच्या पोराच्या अंगात ती उतरलेली, पोरीचं अजून माहीत नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं नाही. तिनं माझा हात धरला, दाबला, आणि म्हणाली, "बरं झालं रे. पोरी सुटल्या." मी त्या दिवशी रडलो, पार्किंगमध्ये गाडीत बसून.

घरी परतल्यावर ताईच्या सासूबाई बोलल्या, तुमच्याकडचंच आलं म्हणायचं. त्या वाईट नाहीत, नातवासाठी त्यांनी रात्रंदिवस केलंय. तरी ते वाक्य ताईला लागलं. ती कित्येक दिवस आईच्या फोटोपुढे दिवा लावायची थांबली होती. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "आईवर राग नाही. तिला सांगू कसं, ते समजत नाही." दाजींनी मात्र कधी एक शब्द काढला नाही. एकदा मला म्हणाले, रोप कुणी दिलं ते बघत बसलो तर बाग कोण सांभाळणार.

उपचारांबद्दल नीट लिहितो, कारण आम्ही याच्या शोधात फार भटकलो.

आजार मुळापासून बरा करणारं औषध आज नाही. मॅडमनी पहिल्याच दिवशी हे सांगितलं, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पहिलं काम, नुकसान करणारं थांबवणं. व्हॅल्प्रोएट बंद केलं. ते तंतुकणांच्या कामात अडथळा आणतं. त्याजागी लेव्हेटिरासिटाम आलं. फिट ताब्यात ठेवणं हा या आजाराचा निम्मा उपचार, कारण फिट म्हणजे मेंदूनं बेसुमार इंधन जाळणं. रिंगर लॅक्टेट नावाच्या सलाईनची बाटली लावायची नाही, साखरेचं सलाईन लावायचं. काही अँटिबायोटिक्स टाळायची. भूल द्यायची वेळ आली तर आधी सांगायचं. माझं शुगरचं औषध मेटफॉर्मिन, जे मी बारा वर्षं रोज घेत होतो, तेही बंद झालं, कारण त्यानं लॅक्टेट वाढू शकतं. मी आता इन्सुलिनवर आहे. माझ्या तासगावच्या डॉक्टरांनी मॅडमचं पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, असे आणखी किती पेशंट माझ्याकडे असतील कुणास ठाऊक. बारीक अंगाचे, शुगर असलेले, ऐकू कमी येणारे.

दुसरं, आर्जिनिन. यात मेंदू आणि रक्तवाहिन्या एकत्र येतात. मेलासमध्ये फक्त मेंदूच्या पेशींचा पुरवठा पडतो असं नाही, बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले तंतुकणही बिघडून फुगलेले असतात. वाहिनीला सैल व्हायला नायट्रिक ऑक्साईड लागतो, तो नीट तयार होत नाही. ऐन गरजेच्या वेळी वाहिनी आवळलेली राहते. म्हणजे फोटोत वाहिन्या मोकळ्या दिसल्या तरी बारक्या चाऱ्यांच्या तोंडाशी अडचण असते. आर्जिनिन हा त्या नायट्रिक ऑक्साईडचा कच्चा माल. जपानमधल्या कुरुमे विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले: झटका आल्यावर लवकर शिरेतून दिलं तर लक्षणं कमी होतात, रोज तोंडानं घेतलं तर झटके विरळ होतात. मोठ्या प्रमाणावरचा पक्का पुरावा अजून नाही, हेही मॅडमनी सांगितलं. पण जगभर हेच देतात आणि आम्हीही द्यायचं ठरवलं.

आपल्याकडे आर्जिनिनच्या पुड्या मेडिकलात मिळतात, पण त्या गरोदर बायकांना बाळाची वाढ कमी असेल तर लिहून देतात. ताईनं महिन्याच्या नव्वद पुड्या मागितल्या तेव्हा दुकानदारानं काळजीनं विचारलं, कितवा महिना आहे हो तुमच्या मुलीला? ताईनं त्याला सगळं सांगितलं. आता तो पुड्या आधीच मागवून ठेवतो.

त्याबरोबर को-एन्झाइम क्यू-टेन, रायबोफ्लेविन, कार्निटिन. यांचा पुरावा कच्चा आहे, अपाय नाही म्हणून देतो, असं मॅडम म्हणाल्या. पुढं टॉरिन जोडलं. जपाननं २०१९ मध्ये मेलासचे झटके रोखायला त्याला मान्यता दिली, दहा रुग्णांवरच्या अभ्यासावरून. दहा ऐकून मी चमकलो. मॅडम म्हणाल्या, एवढ्या दुर्मिळ आजारात दहा माणसं गोळा करणं हेच मोठं काम असतं.

तिसरं घरातलं, आणि तेच सगळ्यात अवघड. उपाशी राहायचं नाही. कुणीच नाही, भाच्यानं, ताईनं, मी. ताई दहा वर्षांची असल्यापासून आषाढी एकादशी धरत आली होती. त्या वर्षी तिनं सकाळी भाकरी केली, पोराला वाढली, स्वतः ताटावर बसली आणि बराच वेळ घास उचलेना. मग विठ्ठलाला नैवेद्य दाखवून तोच दोघांनी खाल्ला. ताप आला की थांबायचं नाही, औषध, पाणी, साखर. आणि व्यायाम. मला वाटलं होतं, दमणाऱ्या पोराला झोपवूनच ठेवायचं. पण हळूहळू, बेतानं केलेल्या व्यायामानं स्नायूंत तंतुकणांची संख्या वाढते. भाचा रोज वीस मिनिटं सायकल मारतो, सपाट रस्त्यावर, गाणी ऐकत. डावीकडून येणारी गाडी त्याला दिसत नाही, म्हणून कुणीतरी सोबत. बहुतेक दाजी मागं दुसऱ्या सायकलवर.

परीक्षा एक वर्ष उशिरा दिली. पास झाला.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा झालं. रात्री दोनला ताईचा फोन. भाचा डोकं धरून बसलाय, डावीकडं रंगीत ठिपके दिसतायत म्हणतोय. पहिल्या वेळी असंच झालं असेल, पण तेव्हा त्यानं ते सांगितलं नव्हतं. माझ्याकडे आणि ताईकडे एकेक पिशवी तयार असते. आजाराचं नाव, चालायची औषधं, न चालायची औषधं, मॅडमचा नंबर, सगळं एका कागदावर छापून प्लॅस्टिकात. तासाभरात आम्ही मिरजेत होतो. ड्युटीवरच्या डॉक्टरनं तो कागद वाचला, मॅडमना फोन लावला, आणि साडेतीनला आर्जिनिनची बाटली सुरू झाली. साखरेचं सलाईन दुसऱ्या हाताला. सकाळी आठला ठिपके गेले. एमआरआयमध्ये जुन्या डागाशेजारी नवं काही नव्हतं. हे औषधानं झालं की झटका मुळातच लहान होता, हे मॅडम ठामपणे सांगत नाहीत. मीही सांगत नाही. पण त्या रात्री काय करायचं हे आम्हाला माहीत होतं, आणि मावशीच्या वेळी कुणालाच माहीत नव्हतं.

या दोन वर्षांत मी मिळेल ते वाचलं. लेक मोबाईलवर इंग्रजी वाचून सांगते, मी वहीत टिपतो. मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशी झटका आल्यावर शेजारच्या चेतापेशींना स्वतःचे तंतुकण देऊन टाकतात, हे हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये उंदरांत दाखवलं. ते ऐकून मी वही मिटून बसलो होतो. शेजाऱ्याची लाईट गेली की आपल्या मीटरवरून वायर टाकून देतात, तसं. बोस्टनच्या बालरुग्णालयात हृदयाला रक्त कमी पडून थकलेल्या पाच बाळांच्या पोटाच्या स्नायूतून निरोगी तंतुकण काढून त्यांच्याच हृदयात सोडले, आणि पैकी चार बाळं आधाराच्या यंत्रावरून सुटली. २०१७ चा अहवाल आहे. मी तो मॅडमकडे घेऊन गेलो. त्यांनी शांतपणे सांगितलं, त्या बाळांचे स्नायू निरोगी होते. तुमच्या भाच्याच्या स्नायूतही तीच चूक आहे, त्याचे त्यालाच देऊन काय होणार? दुसऱ्याचे द्यायचे तर ते किती टिकतील, मेंदूपर्यंत पोहोचतील का, हे अजून प्रयोगातच आहे. बंगळुरूचं निम्हान्स रुग्णालय, हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था इथं या आजारांवर वर्षानुवर्षं काम चाललंय, तिथून काही आलं तर पहिला फोन तुम्हाला करीन. मी त्या फोनची वाट बघतो.

भाची एकवीस वर्षांची आहे. सांगलीत शिकते, स्थळं सांगून यायला लागलीत. तपासणी करायची की नाही, यावर घरात खूप बोलणं झालं. मॅडमनी तिला एकटीला तासभर दिला. तिला समजलेलं ती मला सांगत होती. टक्क्यांवरून तिची तब्येत कशी राहील हे ठरत नाही, तिच्या मुलांचं तर त्याहून नाही. इंग्लंडमध्ये २०१५ ला कायदा झाला, आईवडिलांचं केंद्रक आणि दुसऱ्या बाईच्या बीजांडातले निरोगी तंतुकण असं मिळून गर्भ करता येतो. न्यूकॅसलला अशी आठ बाळं जन्मली, २०२५ च्या जुलैत बातमी आली. ती बातमी तिनंच मला पाठवली, खाली काही न लिहिता. तपासणी तिनं करून घेतली. आकडा तिला आणि तिच्या आईला माहीत आहे. मी विचारलेला नाही. लग्नाचं बोलणं पुढं सरकलं तर ती स्वतः मुलाला सांगणार, असं तिनं दाजींना बजावलंय.

कागदावर एक गोल राहिला होता. मावशीची मुलगी. मावशी गेली तेव्हा ती पाच वर्षांची. वडिलांनी दुसरं लग्न केलं, ती त्यांच्याकडे वाढली, लग्न होऊन जत तालुक्यात गेली. आमच्या आईच्या तेराव्याला आली होती, त्यानंतर येणंजाणं राहिलं नाही. मॅडमनी दर भेटीत विचारलं, तिला कळवलं का? आम्ही टाळत होतो. आपण होऊन कुणाच्या दारात असली बातमी कशी न्यायची? पण तिला दोन मुली आहेत असं कळलं होतं.

गेल्या दिवाळीनंतर ताई आणि मी गेलो. ताईनं साडी घेतली होती, मी तो प्लॅस्टिकातला कागद. रस्त्यात दोघं फारसं बोललो नाही. घर गावाच्या टोकाला, पुढं कडुनिंब. ती अंगणात ज्वारी पाखडत होती, पाठमोरी. ताईनं दारातून हाक मारली. तिनं वळून बघितलं नाही. ताईनं दुसऱ्यांदा मारली, मोठ्यानं. तिची धाकटी पोर आतून धावत आली, आईच्या खांद्याला हात लावून आमच्याकडं बोट दाखवलं, आणि आम्हाला म्हणाली, "जरा जवळ येऊन बोला, आईला कमी ऐकू येतं."